डोंगळ्यांत दाणा भरण्यासाठी: कांदा बीजोत्पादनातील मधपेट्यांचे नियोजन

डोंगळे (कांद्याचे फुलदांडे) जोमदार, त्यांवरचे फुलांचे गोंडे टपोरे, खतपाण्यात कसूर नाही, आणि मळणीत मात्र फोलपट जास्त, बी कमी. जालना-बुलढाण्याच्या बीजोत्पादन पट्ट्यात ही तक्रार आता नवी राहिलेली नाही. अशा वेळी मातृकांद्याला (बियाण्यासाठी लावलेल्या कांद्याला) किंवा हवामानाला बोल लावण्याआधी फुलोऱ्यात सकाळी अकराच्या सुमारास सरीतून एक फेरी मारा आणि गोंड्यांवर माश्या आहेत का ते पाहा.

कांद्याचे एक फूल हातात घेऊन नीट बघितले की माशीची गरज लगेच कळते. एका गोंड्यात अशी शेकडो फुले असतात. प्रत्येक फुलात सहा पुंकेसर. ते आधी पिकतात आणि पराग मोकळा करतात. तो संपल्यावर मधला स्त्रीकेसर लांबतो आणि पराग घ्यायला तयार होतो. त्यामुळे फुलाचा स्वतःचा पराग त्याच्या कामी येत नाही, दुसऱ्या फुलावरून आणावा लागतो. पराग चिकट असल्याने वारा तो फारसा वाहून नेत नाही. बोंडात तीन कप्पे आणि प्रत्येकात दोन बीजांडे, म्हणजे जास्तीत जास्त सहा दाणे. शेताच्या वेगवेगळ्या भागांतून भरत आलेली पन्नासेक बोंडे फोडून दाणे मोजा. सरासरी तीन-चार भरली तर परागीभवन ठीक आहे. एक-दोनवर अडली आणि पाण्याचा ताण किंवा करपा नसेल, तर माश्या कमी पडल्या असे धरा.

पूर्वी हे काम आग्या, फुलोरी आणि सातेरी माश्या फुकटात करत. मधासाठी आग्याची मोहोळे जाळली गेली, बांधावरची बाभूळ, करंज, चिंच, जांभूळ तुटली, तणनाशकाने रानफुले गेली. सातेरीला 1990 च्या दशकात थाई सॅकब्रूड विषाणूने ग्रासले. या सगळ्यावर फुलोऱ्यातल्या फवारण्यांची भर पडली. म्हणून आता माशी ही बियाणे-खतासारखीच निविष्ठा समजून लागवडीच्या वेळीच तिची तजवीज करावी लागते.

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये कांदे लावतानाच मधपाळाशी बोलणी करा. मेलिफेराच्या (पेटीत पाळतात त्या युरोपियन मधमाशीच्या) एकरी तीन ते चार पेट्या धरा. सातेरीची वसाहत लहान आणि तिचा पल्ला साधारण किलोमीटरभर, म्हणून तिच्या चार-पाच लागतील. नुसत्या पेट्या मोजून घेऊ नका, झाकण उघडून बघा. मेलिफेराच्या दहा फ्रेमच्या (पोळ्याच्या चौकटींच्या) पेटीत किमान आठ फ्रेम दोन्ही बाजूंनी माश्यांनी झाकलेल्या हव्यात, चार-पाच फ्रेमवर अंडी-अळ्या-कोष हवेत आणि राणी अंडी घालणारी हवी. उघड्या अळ्या असल्या की त्यांना भरवायला माश्या पराग जास्त गोळा करतात. अर्धी रिकामी पेटी भाड्याने घेतली तर ती स्वतःचे घर सांभाळण्यातच गुंतते. पेट्यांची संख्या, माश्यांनी भरलेल्या फ्रेम, मुक्कामाचे दिवस आणि फवारणीची आगाऊ सूचना कोणी द्यायची, हे कागदावर लिहून घ्या.

पेट्या कधी आणायच्या, यात सर्वांत जास्त चुका होतात. साधारण दहा टक्के फुले उमलली की आणा. कांद्याच्या मकरंदात पोटॅशियम जास्त असते, त्यामुळे तो माशीला फारसा आवडत नाही. लवकर आणलेल्या माश्या शेजारच्या मोहरी-कोथिंबिरीवर जातात आणि तिकडेच रमतात. उशीर केला तर पहिली फुले वांझ जातात. बांधावर कोथिंबीर, मोहरी जरूर लावा, पण डोंगळे फुलण्याआधी तिचा बहर संपेल अशा बेताने. नाही संपला तर कापून टाका.

वाहतूक रात्रीच करा: अंधार पडून माश्या आत आल्यावर दार जाळीने बंद करायचे आणि पहाटेपूर्वी शेतात पोचायचे. पेट्या तीन किलोमीटरपेक्षा कमी अंतरावरून आणल्या, तर माश्या जुन्या जागी परत जातात. सगळ्या पेट्या एका कोपऱ्यात न रचता दोन-दोनच्या गटाने शेताभोवती ठेवा, दार पूर्वेकडे, स्टँड फूटभर उंच. मुंग्यांसाठी पायांखाली पाण्याच्या वाट्या. फेब्रुवारीच्या अखेरीस ऊन चढते, तेव्हा सावली करा. जवळच उथळ ताटात दगड टाकून रोज ताजे पाणी भरा. नाहीतर माश्या जिथे सापडेल तिथले, फवारणीच्या पंपाजवळ सांडलेलेसुद्धा, पाणी पितात.

माश्या येत नाहीत म्हणून गुळाचे किंवा साखरेचे पाणी फवारू नका. माश्या पानादांड्यावरचा गोडवा चाटतात, फुलात उतरत नाहीत.

फुलकिड्यांचा बंदोबस्त गोंडे उमलण्यापूर्वीच उरकायचा. इमिडाक्लोप्रिड, थायमेथोक्झाम ही औषधे झाडात भिनतात आणि मकरंद-परागातून माशीपर्यंत पोचतात, म्हणून डोंगळे निघाल्यापासून ती आळवणीतूनही (मुळाशी ओतूनही) देऊ नयेत. फिप्रोनिल, प्रोफेनोफॉस, लॅम्बडा सायहॅलोथ्रिन फुलोऱ्यात पूर्ण वर्ज्य. फवारणे टाळताच येत नसेल तर सूर्यास्तानंतर नुसते निंबोळी अर्क. करप्याचे बुरशीनाशकही संध्याकाळीच, आणि त्यात कीटकनाशक मिसळू नका. दुपारी ओले झालेले गोंडे माश्या टाळतात. निळे चिकट सापळे गोंड्यांच्या उंचीवर लावले तर त्यांत माश्याही अडकतात, ते खाली ठेवा. शेजाऱ्याशीही आधी बोला, कारण मेलिफेरा दोन-तीन किलोमीटर हिंडते.

एवढे करूनही सकाळी पेटीच्या दारापुढे मेलेल्या माश्यांचा सडा दिसला, त्यांच्या सोंडा बाहेर आलेल्या असल्या किंवा जिवंत माश्या थरथरत गरगर फिरत असल्या, तर विषबाधा झाली आहे. मधपाळाला लगेच कळवा. त्याच रात्री पेट्या तीन किलोमीटरहून दूर हलवा, नव्याने आलेल्या परागाच्या फ्रेम काढून घ्या आणि साखर व पाणी समप्रमाणात घेऊन पाक पेटीच्या आत द्या. राणी आणि अळ्या शाबूत असतील तर वसाहत सावरू शकते, पण त्या बहराला ती उपयोगी पडत नाही. बदली पेट्या मागवा.

ऐंशी टक्के फुले गळली की पेट्या परत पाठवा. त्यानंतर शेतात त्यांना खायला उरत नाही आणि कमजोर झालेल्या वसाहतीत मेणकिडा शिरतो.