मोह गळू लागण्याआधी: वनपट्ट्यावरच्या झाडांची फाल्गुन ते आषाढातली कामे

गडचिरोली, चंद्रपूर, गोंदियातल्या ज्या कुटुंबांना २००६ च्या वनहक्क कायद्याने पट्टे (वनजमिनीवरचा हक्क) मिळाले, त्यांच्या बांधीत (धानाच्या शेतात) आणि धुऱ्यांवर (शेताच्या बांधांवर) मोह, चार (चारोळीचे झाड), बिब्बा, बेहडा, तेंदू अजून उभे आहेत. सावलीत धान कमी पिकतो म्हणून ती तोडायचे मनात असेल, तर आधी हिशेब मांडा. धान वर्षातून एकदा घरात येतो. मोहफुले मार्च-एप्रिलात, चारोळी एप्रिल-मेमध्ये, तेंदूपाने मेमध्ये आणि टोरी (मोहाचे बी) जूनमध्ये मिळते, म्हणजे कोठी रिकामी होते आणि बियाण्याला पैसे लागतात नेमके तेव्हा. मोहाला दरवर्षी सारखा बहर येत नाही. तो हुकला की चार आणि तेंदूच हात देतात, म्हणून एकाच जातीची झाडे ठेवू नका.

फुले दिसावीत म्हणून मोहाखालचा पाला जाळतात. तो जाळू नका. बुंध्याची साल भाजून झाड पुढे पोकळ होते, खाली उगवलेली रोपे मरतात आणि वणवाही बहुतेक वेळा इथूनच पेटतो. फेब्रुवारीअखेर पाला झाडून खताच्या खड्ड्यात टाका. हिरवी शेडनेट किंवा जुनी लुगडी जोडून फांद्यांच्या घेराखाली खुंटांना बांधा, जमिनीपासून दोन-अडीच फूट उंच, मधे थोडा झोळ ठेवून. फुलांना माती लागत नाही, वेचायला तासन्‌तास वाकावेही लागत नाही. हे जिवाशी निगडित आहे: खाली वाकलेला माणूस वाघाला जनावरासारखा दिसतो, आणि पहाटे फुलांवर अस्वलही येते. पुरते उजाडल्यावरच, चार-पाच जणांनी मोठ्याने बोलत जावे.

वेचलेली फुले त्याच दिवशी ताडपत्रीवर एका थरात पसरा, दिवसातून दोनदा हलवा, रात्री झाका. पाच किलो ताज्या फुलांची वाळून साधारण एक किलो होतात. मुठीत दाबून सोडल्यावर एकमेकांना चिकटली, तर अजून एक ऊन द्या. ओलसर फुले पोत्यात भरली की बुरशीने काळी पडतात आणि भाव पडतो. पावसाळ्यात ठेवायची असतील तर आत प्लास्टिकची पिशवी असलेले पोते घ्या. नुसते बारदान दमट हवा ओढते.

चारोळीत नुकसान घाईने होते. दुसरा नेईल या भीतीने हिरवी फळे तोडली जातात, गर भरलेला नसतो, वजन मिळत नाही. ग्रामसभेने तोडीची तारीख ठरवावी. फळ काळपट जांभळे झाले की आकडीने काढा; फांदी छाटली तर पुढच्या वर्षीचे फळही गेले. फळे रात्रभर भिजवा, गोणपाटावर चोळून साल काढा, धुऊन दोन-तीन दिवस वाळवा, मगच जात्यावर फोडा. काही फळे झाडावर राहू द्या, पाखरे बी पसरवतात.

बिब्बा हाताळण्याआधी हातांना खोबरेल तेल चोळा, चीक लागला तर फोड येतात.

मोहफुले, चारोळी, तेंदूपाने अशा गौण वनोपजाची मालकी कायद्याने गोळा करणाऱ्याची आहे. २०१२ च्या सुधारित नियमांनुसार वाहतूक परवाना ग्रामसभेची समिती देते. तो घेऊन सगळ्यांचा माल एकत्र विका.

टोरी पडली की ती सगळी तेलाला घालू नका. भरपूर फुलणाऱ्या झाडाचे बी निवडून आठ-दहा दिवसांत पेरा, जुने बी उगवत नाही. सोटमूळ खोल जाते, म्हणून लांब पिशवी घ्या आणि बी दोन सेंटिमीटर खोल लावा. पुढच्या पावसाळ्यात रोप धुऱ्यावर तीस फुटांवर लावा आणि निदान दोन वर्षे काट्यांचे कुंपण ठेवा, नाहीतर शेळ्या शेंडा खातात.