केळी वेफर्सचं युनिट तोट्यातून काढताना

जळगाव जिल्ह्यातल्या सावदा-फैजपूरकडची वेफर्सची छोटी युनिटं माल न खपल्याने कमी आणि उधारीने जास्त बुडतात, असं माझं मत. सुरुवात किलोच्या खऱ्या खर्चापासून केली. साधारण चार किलो कच्च्या केळीतून एक किलो वेफर्स निघतात. त्यात मुरलेलं तेल, गॅस, मजुरी, पिशवी आणि चुरा धरायचा. चुरा बहुतेक जण विसरतात. केळीचा भाव रोज हलतो, म्हणून वेफर्सचा दर महिनाभरासाठी बांधून देणं बंद केलं.

मग येणी, म्हणजे व्यापाऱ्यांकडून यायचे पैसे. ३०, ६०, ९० दिवसांपलीकडची वेगळी लिहिली. उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) असलेल्या सूक्ष्म उत्पादकाला २००६ च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास कायद्याने करार नसेल तर १५ दिवसांत, असला तरी ४५ दिवसांत पैसे मिळायला हवेत. पुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. बिलावर उद्यम क्रमांक छापा. मुदतीत न दिलेली रक्कम प्रत्यक्ष चुकती करेपर्यंत व्यापाऱ्याला आयकरात खर्च दाखवता येत नाही, हे त्याच्या सीएला माहीत असतं. तगाद्यापेक्षा हे लवकर लागू पडतं!

कर्जाचा हप्ता ९० दिवसांहून जास्त थकला की खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी अनुत्पादक. त्याआधीच स्टॉक आणि येण्यांचं पत्रक घेऊन शाखेत जा, हप्ते नव्याने बांधून मागा. हप्त्यासाठी सावकाराकडे मात्र जाऊ नका.