रीलवरच्या जुन्या गाण्याचं खरं व्हर्जन कसं शोधायचं

आईच्या पंचाहत्तरीला कोथरूडला घरीच जेवण होतं, मी हौसेनं जुन्या गाण्यांची प्लेलिस्ट लावली आणि त्यात 'मेरा दिल ये पुकारे आजा' होतं, 2022 च्या शेवटी त्या लग्नातल्या नाचाची रील सगळीकडे फिरली ना तेव्हापासून सेव्ह केलेलं. पहिल्याच ओळीला आई म्हणाली, "हिला एवढी कसली घाई झालीय? आणि मागे ढोल कोण बडवतंय?" बरोबर होतं तिचं. कुणीतरी बीट टाकून पळवलेलं रिमिक्स होतं ते, आणि मी वर्षानुवर्षं तेच ऐकत होतो.

तर अशी पंचाईत नको असेल तर आधी रीलवरच्या नावावर भरवसा ठेवू नका. तिथे बऱ्याचदा 'ओरिजिनल ऑडिओ' एवढंच लिहिलेलं असतं, म्हणजे रील टाकणाऱ्याचं ओरिजिनल, गाण्याचं नाही. शझाम (गाणं ऐकून नाव सांगणारं ॲप) लावून बघा, पण वेग वाढवलेला असला की ते कधी गडबडतं, कधी रिमिक्सचंच नाव सांगतं. मग गुगल ॲपच्या माइकवर टॅप करून चाल गुणगुणायची, 2020 पासून सोय आहे, बेसूर असलात तरी चालतं (मी जिवंत पुरावा). नाहीतर सरळ घरातल्या सत्तरीपुढच्या माणसाला ऐकवा, सगळ्यात फास्ट सर्च तोच.

नाव कळलं की खरी मजा सुरू होते, कारण ॲपवर त्याच नावाची पंधरा-वीस गाणी निघतात, स्लो, लोफाय, कव्हर, काय काय. इथे साल बघून फसू नका, ते पुष्कळदा कुठल्यातरी 'सदाबहार' कलेक्शनचं असतं, गाण्याचं नसतं. तीन टिंबं दाबून क्रेडिट्स उघडा आणि पिक्चर, संगीतकार, गीतकार जुळवा. हे गाणं 'नागिन'मधलं, 1954, हेमंतकुमार आणि राजेंद्र कृष्ण. शक्यतो पिक्चरच्या अल्बममधलंच घ्या. लांबीही बघा, जुन्या 78 आरपीएम रेकॉर्डच्या, म्हणजे तव्याच्या, एका बाजूला साधारण तीन-साडेतीन मिनिटं मावायची, त्यामुळे तुमचं व्हर्जन दोन मिनिटांतच संपत असेल तर काहीतरी कापलंय किंवा पळवलंय. मी तर रविवारी जुन्या बाजारात जाऊन तव्यांच्या ढिगाऱ्यात बसतो, कुत्र्याचं चित्र असलेल्या लेबलवर पिक्चर, गायक, नंबर सगळं असतं, फोटो काढायचा आणि घरी येऊन जुळवायचं. विकणारे काका वैतागतात, म्हणून एखादा तवा विकत घ्यावा लागतो, प्लेअर नसताना.

कधी कधी 'मूळ' कशाला म्हणायचं हाच घोळ असतो. 'गीतरामायण' घ्या, 1955 च्या एप्रिलपासून पुणे आकाशवाणीवर आठवड्याला एक गाणं, अधिक महिना आला म्हणून 56 झाली, आणि गायला माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, ललिता फडके अशी वेगवेगळी माणसं. ॲपवर मात्र आधी येतं ते बाबूजींच्या (सुधीर फडके) एकट्याच्या आवाजातलं. तेही खरंच, पण रेडिओवर ऐकलेला माणूस घरात असेल तर वाद होणार, आमच्याकडे झाला.

आता चार्ट, म्हणजे गाजणाऱ्या गाण्यांच्या याद्या. गाणं 'परत आलं' म्हणतात तेव्हा कुठल्या यादीत ते बघा. स्पॉटिफायची व्हायरल यादी गाणं किती झपाट्यानं पसरतंय ते बघते, टॉप यादी किती वेळा वाजलं ते. आणि वाजलं म्हणजे किमान 30 सेकंद. इंग्लंडात तर चार्टच्या मोजणीत जुन्या गाण्यांच्या स्ट्रीम्सना निम्माच भाव असतो, तिथल्या गायिका केट बुशचं 1985 चं 'रनिंग अप दॅट हिल' 2022 मध्ये एका वेब सिरीजमुळे उसळलं तेव्हा चार्टवाल्यांनी त्याला या नियमातून सूट दिली, मग 37 वर्षांनी ते एक नंबरला गेलं. पहिल्यांदा तीन नंबरवर अडकलं होतं बिचारं. आपल्याकडे गंमत अशी की रील एका व्हर्जनवर फिरते, वाजतं तिसरंच, आणि मोजणी त्या तिसऱ्याच्या खात्यावर. म्हणून सेव्ह करताना नीट बघा.

मी जुनं डिलीट करून पिक्चरच्या अल्बममधलं टाकलं आणि परवा आईला लावून दिलं. "हां, ही लता," म्हणाली, आणि लगेच, "बंद कर आता, मालिका लागली." वीस सेकंदही झाली नव्हती, म्हणजे मोजलंच गेलं नाही.