आलं ओलं आणि सुकं

आमच्या भांडुपच्या घरात फ्रिज आला, पण आलं त्यात कधी गेलं नाही. सासूबाई खिडकीतल्या कुंडीत वाळू भरून त्यात ते पुरून ठेवायच्या. लागेल तेवढं मोडून घ्यायचं, उरलेलं परत आत. मीही तेच करते. पावसाळ्यात कोंब फुटतात, फुटू द्यावेत.

मी दादरला उतरून घेते. आल्याचं बोट मोडून बघा. दोरे निघाले तर आलं जून, ते चहाला आणि काढ्याला. पातळ सालीचं, कोवळं असेल ते पाचकाला. मोडलं की भाजीवाली मावशी ओरडते, तेवढं ऐकून घ्यायचं.

चहात दूध फाटतं म्हणून आल्याला नावं ठेवतात. कच्च्या आल्यात दुधातली प्रथिनं तोडणारं एन्झाइम असतं, ते उकळीनं निकामी होतं. म्हणून दोन कपांना अंगठ्याच्या पेराएवढं आलं ठेचून आधी नुसत्या पाण्यात चार-पाच मिनिटं खळखळ उकळा, सोबत गवती चहाची दोन पाती. मग साखर, पावडर आणि सगळ्यात शेवटी दूध.

घसा बसला की चमचाभर आल्याचा रस आणि तितकाच मध. आलं किसून फडक्यातून पिळा आणि वाटी दहा मिनिटं हलवू नका. तळाशी पांढरा साका बसतो, तो सोडून वरचा रस घ्या. वर्षाच्या आतल्या बाळाला मात्र मध अजिबात नाही.

पाचक सोपं: आल्याच्या बारीक काड्या, लिंबू, शेंदेलोण. जेवणाआधी दोन काड्या. गाडी लागणाऱ्यांनीही तोंडात धराव्यात.

सुंठ म्हणजे वाळलेलं आलं, पण तिचा स्वभाव वेगळा. वाळताना आल्यातल्या जिंजेरॉल या तिखट घटकाचा काही भाग शोगाओल होतो आणि शोगाओल जास्त तिखट असतं. हे मला फार उशिरा कळलं. मुलगा नववीत असताना त्याचं डोकं दुखत होतं. सहाणेवर सुंठ उगाळून कपाळाला जाड लेप लावला आणि मी मालिका बघत बसले. जाहिराती लागल्या तेव्हा पोराचं कपाळ टोमॅटोसारखं लाल! लेप पातळ लावा, चुरचुरला की लगेच पुसा. सकाळच्या कफाला सुंठ, गूळ, तूप यांची बोराएवढी गोळी पुरते.

रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील, तर रस-काढे डॉक्टरांना विचारूनच. पित्तवाल्यांनीही हात आखडता घ्यावा.

राहिला आलेपाक. वाटीभर किसाला दोन वाट्या साखर, थोडी साय, मंद आच. गोळा कडा सोडू लागला की तूप लावलेल्या ताटात थापून गरम असतानाच वड्या पाडा. गेल्या श्रावणात खोकल्यासाठी म्हणून डबाभर केला. तिसऱ्या दिवशी डबा रिकामा, आणि खोकला घरात कुणालाच नव्हता.