वासराचं मिनरल मिक्श्चर गाभण गाईपासून सुरू करा

मुरबाड-शहापूर साइडला किंवा कल्याण-भिवंडीच्या तबेल्यात वासरू नाहीतर पारडू मलूल दिसलं की पहिला प्रश्न ठरलेला, मिनरल मिक्श्चर (खुराकात मिसळायची खनिजांची पावडर) कुठलं देऊ? मी म्हणतो आधी सांगा, त्याच्या आईला शेवटचे दोन-तीन महिने काय खायला घातलं. तांबं, झिंक, सेलेनियम, आयोडीन हे सगळं आईकडून वारेतून पोटातल्या वासराला मिळतं. तांब्याचा साठा तर ते स्वतःच्या लिव्हरमध्ये घेऊनच जन्माला येतं आणि सुरुवातीचे आठवडे त्याच्यावरच काढतं, कारण दुधात तांबं, लोह, मँगनीज अगदी नावाला असतं. आता गाय आटवल्यावर (व्यायच्या आधी दूध काढणं बंद केल्यावर) नुसत्या भाताच्या पेंढ्यावर बांधून ठेवली असेल तर ती वासराला देणार कुठून?

म्हणून सुरुवात तिथून. आटवल्या दिवसापासून, म्हणजे व्यायच्या साधारण ६० दिवस आधीपासून, रोज ५० ग्रॅम मिनरल मिक्श्चर खुराकातून. दूध देत नाही मग कशाला खर्च म्हणून नेमकं याच वेळेला बंद करतात, ते करू नका. आणि पिशवी घेताना मागची बाजू वाचा, आयएस १६६४ (मिनरल मिक्श्चरचं भारतीय मानक) लिहिलंय का, तांबं-झिंक-कोबाल्ट-आयोडीनचे आकडे दिलेत का. कॅल्शियमची बाटली वेगळी, तिने हे काम होत नाही.

वासरू जन्मलं की चीक, म्हणजे व्याल्यावरचं पहिलं घट्ट दूध. वजनाचा दहावा हिस्सा, म्हणजे ३० किलोच्या वासराला ३ लिटर, त्यातला अर्धा पहिल्या दोन तासांत आणि उरलेला १२ तासांच्या आत. २४ तास उलटले की चीकातली रोगप्रतिकारक द्रव्यं आतड्यातून रक्तात जातच नाहीत, मग कितीही महागडी पावडर द्या, ती कसर भरून निघत नाही. ठाणे-नवी मुंबईत खरवसाला गिऱ्हाईक कायम असतं हे मला माहितीये, पण पहिल्या धारेवर हक्क वासराचा, त्याचं पोट भरून उरला तर विका.

पहिल्या आठवड्यात पावडर नको, दुधात तर नकोच, ती तळाला बसते आणि डोस कळत नाही. दुसऱ्या आठवड्यापासून काफ स्टार्टर (लहान वासरांचा विकतचा तयार खुराक) नाहीतर घरचा भरडा थोडा थोडा चाटायला ठेवा, स्वच्छ पाणी पण ठेवा. भरड्यात मिक्श्चर २ टक्के, म्हणजे १ किलोला २० ग्रॅम. वासराला दिवसाला २०-२५ ग्रॅमच पुरतं, त्यामुळे ते किलोभर खायला लागलं की त्याचा कोटा त्यातच आला, वरून वेगळं नको. विकतच्या स्टार्टरमध्ये आधीच घातलेलं असतं, लेबल बघा. घरी करत असाल तर १० किलो भरड्याला २०० ग्रॅम काट्यावर मोजा, आधी मूठ-दोन मूठ कोंड्यात चोळून घ्या, मग अर्ध्या भरड्यात आणि मग सगळ्यात, नाहीतर एका वासराला सगळं आणि दुसऱ्याला काहीच नाही.

आता बघायचं काय. पापणी खाली ओढा, आतून गुलाबी हवी, पांढरट असेल तर रक्त कमी, ते लोह कमी पडल्यामुळे असेल किंवा गोचीड-जंतांमुळे. काळ्या पारडाचे केस तांबूस आणि राठ झाले, डोळ्याभोवती चष्म्यासारखं फिकट वर्तुळ आलं तर तांबं कमी असल्याचा संशय घ्या. नाकपुडीजवळ, पायावर कातडी जाड होऊन खपल्या धरल्या तर झिंक. मागचे पाय ताठ, उठायला त्रास, असं असेल तर सेलेनियम आणि व्हिटॅमिन ई कमी असू शकतं, तिथे वाट बघू नका. पण हगवण लागली म्हणजे मिनरलच कमी असं नाही, म्हशीच्या पारडात गोल जंत आईच्या दुधातूनच येतात, म्हणून दहाव्या ते पंधराव्या दिवसादरम्यान पायपरेझिन या जंतांच्या औषधाचा डोस डॉक्टरला विचारून द्याच.

सगळ्यात जास्त काळजी मला डबल डोसची वाटते. स्टार्टर चालू, वरून पावडर, त्यात कोणीतरी सांगितलं म्हणून तांबं-सेलेनियमचं इंजेक्शन, असं करू नका. सेलेनियमचं पुरेसं आणि विषारी यातलं अंतर फार कमी आहे, आख्ख्या आहारात किलोला ०.३ मिलिग्रॅम एवढंच लागतं. जास्तीचं तांबं लिव्हरमध्ये गुपचूप साठत राहतं आणि मग एक दिवस कावीळ, लाल लघवी, वासरू हातचं जातं. इंजेक्शन फक्त डॉक्टरने द्यायचं, वजन बघून. रक्ताची टेस्ट केली आणि तांबं नॉर्मल आलं तरी निर्धास्त राहू नका, लिव्हरचा साठा बराच संपल्याशिवाय रक्तातलं तांबं कमी होत नाही, त्यामुळे रिपोर्टसोबत चारा-खुराक काय चालू आहे ते पण डॉक्टरला सांगा. तालुक्याचा दवाखाना लांब पडत असेल तर १९६२ या जनावरांच्या दवाखान्याच्या हेल्पलाइनवर फोन लावा.

आणि हो, आपल्याकडचा पावसाळा. जूननंतर उघडी पिशवी महिनाभरात दगड होते, आयोडीन पण उडतं, म्हणून १ किलोचीच पिशवी घ्या, घट्ट झाकणाच्या डब्यात भरा, डबा जमिनीवर न ठेवता फळीवर ठेवा आणि ओला चमचा आत घालू नका.