नाव बदललं तरी ओळख पटलीच! चॅट, टोपणनावं आणि नावांची टूल्स वापरताना या चुका टाळा

मागच्या वर्षी एका ताईंचा अनुभव मी लिहून काढला. नवऱ्याने न विचारता गहाण टाकलेले दागिने त्यांनी शिवणकामाच्या पैशांतून सोडवून आणले, त्याची ती हकिगत. नाव अर्थातच बदललं. नावं सुचवणाऱ्या एका ऑनलाइन टूलवरून नाव उचललं, आडनावही तिथलंच घेतलं आणि मजकूर दोन-तीन व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा फोन आला. आवाज अगदी बारीक. "ताई, जाऊबाईंनी वाचलं. म्हणाल्या, हे तुझंच की गं."

मजकूर परत काढून वाचला तेव्हा चूक डोळ्यांत भरली. तासगाव रस्त्यावरचं गाव, घरामागे द्राक्षबाग, ओसरीवर पिको-फॉलचं मशीन, बेदाण्याच्या सौद्यावर हमाली करणारा नवरा, दोन मुलींच्या पाठीवर झालेला मुलगा. सगळं जसंच्या तसं. त्या गावात अशी बाई एकच. वरचं नाव काय आहे, हे जाऊबाईंनी पाहिलंसुद्धा नसेल.

आमच्या सांगली-मिरजेकडे माणूस नावापेक्षा 'कुणाची कोण, घर कुठलं' यावरून ओळखला जातो. म्हणून नुसतं नाव बदलून कुणी झाकलं जात नाही. फोनवरही हेच होतं आणि लिहिण्यातही.

नाव नवं, नंबर जुनाच

व्हॉट्सॲपवर प्रोफाइलचं नाव 'सावली' किंवा 'अनामिका' केलं की आपण लपलो, असं अनेकींना वाटतं. साध्या ग्रुपमध्ये ज्यांच्याकडे तुमचा नंबर सेव्ह नाही त्यांना तुमचं नाव दिसतं, त्याच्या आधी ~ अशी नागमोडी रेघ असते आणि सोबत पूर्ण नंबरही असतो. पुढचं काम एका मिनिटाचं. आमच्या एका बैठकीत मी सगळ्यांसमोर करून दाखवलं. समोरच्या बाईंचा नंबर त्यांच्या संमतीने युपीआय ॲपमध्ये पैसे पाठवण्याच्या जागी टाकला. पैसे पाठवलेच नाहीत, नुसता नंबर टाकला. स्क्रीनवर बँक खात्यावरचं त्यांचं पूर्ण नाव आलं, नवऱ्याच्या नावासकट. खोलीत एकदम शांतता पसरली.

म्हणून अडचणीतल्या बायकांचा, रुग्णांचा किंवा तक्रारदारांचा ग्रुप करायचा असेल तर व्हॉट्सॲपचा साधा ग्रुप त्यासाठी योग्य नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. सिग्नल या मेसेजिंग ॲपवर 2024 पासून युजरनेमची, म्हणजे नंबराऐवजी वापरायच्या नावाची सोय आहे. खातं उघडायला नंबर लागतोच, पण ज्यांच्याकडे तो आधीच सेव्ह नाही त्यांना तो दिसत नाही. 'नंबरवरून मला कोण शोधू शकेल' या सेटिंगला 'कुणीही नाही' निवडलं की काम पुरं होतं. टेलिग्रामवरही नंबर लपवता येतो, पण तिथले नेहमीचे चॅट एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड, म्हणजे पाठवणारा आणि घेणारा सोडून कुणालाच वाचता येणार नाहीत असे, नसतात. ती सोय फक्त 'सीक्रेट चॅट'मध्ये आहे आणि ग्रुपला ती मिळतच नाही. टेलिग्राम म्हणजे सगळ्यात गुप्त, ही समजूत आपल्याकडे घट्ट बसली आहे. ती सोडा.

टोपणनाव निवडतानाही घरच्यांचीच नावं हाताला येतात. मुलीचं नाव, पुढे तिचं जन्मवर्ष. वि. वा. शिरवाडकरांनी 'कुसुमाग्रज' हे नाव घेतलं ते कुसुम या बहिणीचा थोरला भाऊ म्हणून. त्यांना लपायचं नव्हतं, त्यामुळे ते नाव त्यांना शोभलं. ज्यांना खरंच लपायचं आहे त्यांच्या टोपणनावात नातं, गाव, कुलदैवत, जन्मसाल यांतलं काही असू नये. एक टोपणनाव दोन ठिकाणी वापरू नये. डीपी तर अजिबात तोच नको.

कुलूप आहे, पण खिडकी उघडी

व्हॉट्सॲपवरचे मेसेज 2016 पासून एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड आहेत, म्हणजे वाटेत ते कुणी वाचू शकत नाही. गळती होते ती दोन्ही टोकांना. झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट काढायला आपण तिथल्या कॉम्प्युटरवर व्हॉट्सॲप वेब उघडतो, प्रिंट घेतो, पैसे देतो आणि घरी येतो. चॅट तिथे उघडंच राहतं. 'लिंक्ड डिव्हाइसेस' उघडून बघा. ओळखीचं नसलेलं काही दिसलं तर तिथल्या तिथे लॉग आउट करा. आपोआप बंद होईल या भरवशावर राहू नका. आपल्या फोनवर व्हॉट्सॲप 14 दिवस उघडलं नाही तर जोडलेली साधनं आपोआप सुटतात, आणि आपण तर ते रोज उघडतो.

बॅकअपचंही तेच. फोनवरचे चॅट गुगल ड्राइव्हवर जातात तेव्हा त्यांना ते एन्क्रिप्शन आपोआप मिळत नाही. 2021 पासून 'चॅट बॅकअप'मध्ये त्यासाठी वेगळा पर्याय आहे, तो आपण चालू करावा लागतो. पासवर्ड मात्र वहीत लिहून ठेवा. तो विसरलात तर कंपनीही बॅकअप उघडून देऊ शकत नाही. मुलाच्या किंवा नवऱ्याच्या गुगल खात्यावर तुमचा फोन चालू असेल, आणि आपल्याकडे हे घरोघरी आहे, तर आधी खातं वेगळं करा.

फोटो पाठवतानाची एक बारीक गोष्ट. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला की त्यात दडलेलं ठिकाण निघून जातं. तोच फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला की कॅमेऱ्याने नोंदवलेलं ठिकाण तसंच पुढे जातं. क्वालिटी टिकावी म्हणून आपण नेमकं डॉक्युमेंट निवडतो.

स्क्रीनशॉटवर मार्कर फिरवणं

फोनमधल्या हायलायटरने नावावर दोनदा रेघ ओढली की ते झाकल्यासारखं वाटतं. फोटोचा ब्राइटनेस वाढवला की खालची अक्षरं वर येतात, कारण तो रंग अर्धपारदर्शक असतो. भरीव चौकट वापरा आणि झाकलेल्या फोटोचा पुन्हा एक स्क्रीनशॉट काढून तोच पाठवा. वरचं नाव झाकताना मधल्या रिप्लायकडे सगळ्यांचं दुर्लक्ष होतं. उत्तर देताना जुना मेसेज उद्धृत झालेला असतो, त्यावर नाव छोट्या अक्षरांत असतंच. पीडीएफमध्ये शब्दावर नुसता काळा डबा ठेवला असेल तर खालचा मजकूर कॉपी होऊन बाहेर येतो.

नावांच्या टूलला सगळं सांगून बसणं

ही चूक मला सगळ्यात गंभीर वाटते. "यातली नावं बदलून दे" म्हणून लोक अख्खी खरी चॅट, खऱ्या नावांसकट, ऑनलाइन टूलमध्ये चिकटवतात. म्हणजे जे झाकायचं तेच आधी परक्याच्या हवाली झालं. ती वेबसाइट तो मजकूर किती दिवस ठेवते, कुणाला देते, हे आपल्या हातात नाही. टूलकडून फक्त नावांची यादी घ्या. बदल आपल्याच कॉम्प्युटरवर करा.

तिथे मराठीची खोच समजून घ्यावी लागते. 'फाइंड अँड रिप्लेस'ने 'पाटील' बदललं तरी 'पाटलांनी', 'पाटलीणबाई' जागच्या जागी राहतात. 'शिंदे' बदललं तर 'शिंद्यांच्या' उरतं. सुनीताची कुठे 'सुनिता' असते, कुठे 'सुनी'. उलटही होतं. एकदा मी 'मोरे'च्या जागी 'कदम' टाकलं आणि 'सामोरे गेली' या वाक्याचं 'साकदम गेली' झालं. म्हणून शेवटी संपूर्ण मजकूर मोठ्याने वाचायचा. त्याला पर्याय नाही.

आडनाव तर टूलच्या भरवशावर ठेवूच नका. ही टूल्स कुठलंही नाव कुठल्याही आडनावाला जोडतात. आपल्याकडे आडनावाबरोबर गाव येतं, भावकी येते, समाज येतो. मारझोडीची हकिगत उगाच दुसऱ्या समाजाच्या आडनावावर गेली तर त्या लोकांवर अन्याय होतो. मी आता फक्त पहिलं नाव ठेवते आणि पुढे ताई, मावशी किंवा वहिनी लावते. ते नाव ठरलं की ज्यांचा अनुभव आहे त्यांनाच विचारते, "या नावाचं तुमच्या भावकीत, गल्लीत कुणी आहे का?" दोनदा उत्तर 'हो' आलं आणि दोन्ही वेळा नाव बदललं.

काही टूल्स नावाबरोबर पत्ता आणि मोबाइल नंबरही बनवून देतात. तो नंबर कुणाचा तरी खरा असू शकतो, म्हणून छापू नका. अमेरिकेत 555-0100 ते 555-0199 हे नंबर काल्पनिक वापरासाठी राखून ठेवले आहेत. आपण मराठीत लिहिताना नंबर गाळलेलाच बरा. ईमेल दाखवायचाच असेल तर 'एक्झाम्पल डॉट कॉम' हा पत्ता उदाहरणांसाठीच राखीव आहे.

टोपणनाव वेगळं, तोतयेगिरी वेगळी

सिम, बँक, सरकारी फॉर्म यांवर खरंच नाव हवं. खोट्या ओळखीवर सिम घेणं हा 2023 च्या दूरसंचार कायद्याने गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा 50 लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. दुसऱ्या खऱ्या माणसाचं नाव-फोटो लावून फसवणूक केली तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 66-डी लागतं.

लैंगिक अत्याचाराबद्दल लिहिणाऱ्यांनी आणखी जपावं. भारतीय न्याय संहितेच्या कलम 72 मध्ये पीडितेचं नावच नव्हे, तर तिची ओळख पटेल अशी कोणतीही बाब प्रसिद्ध करायला मनाई आहे. शाळेचं नाव, वडिलांचा धंदा, घराचा फोटो, सगळं त्यात येतं.

घोटाळा झालाच तर

मजकूर बाहेर गेला असेल तर आधी त्या व्यक्तीला स्वतः फोन करा, तिला दुसऱ्याकडून कळू देऊ नका. मग मेसेज 'सर्वांसाठी डिलीट' करा. त्याची मुदत दोन दिवसांहून थोडीच जास्त असते. ग्रुपची लिंक बाहेर पसरली असेल तर ती रिसेट करा, जुनी लिंक चालेनाशी होते. ग्रुपवर खुलासे करत बसू नका. "ती ही नव्हे" असं लिहिलं की न वाचलेलेही शोधून वाचतात.

व्हॉट्सॲपचं खातंच कुणी पळवलं असेल, म्हणजे सहा अंकी कोड चुकून सांगितला गेला असेल, तर आपल्या फोनवर आपल्याच नंबरने पुन्हा नोंदणी करा. समोरचा बाहेर पडतो. त्याने मध्येच टू-स्टेप पिन, म्हणजे नोंदणीच्या वेळी कोडशिवाय मागितला जाणारा दुसरा गुप्त अंक, लावला असेल तर सात दिवस थांबावं लागतं. नंतर स्वतःचा पिन लावा. पैसे गेले असतील तर त्याच क्षणी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा.

त्या ताईंचा मजकूर मी सगळ्या ग्रुपवरून काढला, त्यांच्या घरी गेले आणि माफी मागितली. महिन्याभराने त्यांनी स्वतःच पुन्हा लिहायला सांगितलं. या वेळी गाव काढलं, मशीनच्या जागी खानावळीचे डबे आले, मुलं दोनच ठेवली आणि नवरा साखर कारखान्यात कामाला लावला. छापण्याआधी कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचला आणि एका वाक्यावर बोट ठेवलं. "कारखान्याचा हंगाम उन्हाळ्यात बंद असतो ताई, मे महिन्यात ओव्हरटाइम कुठला? हे खोडा."