घरच्या प्रिंटरची शाई कागदापर्यंत पोहोचावी म्हणून

महिन्याला जेमतेम वीस-पंचवीस पाने छापणाऱ्या घरात इंकजेट प्रिंटरचे कार्ट्रिज दोन-तीन महिन्यांत रिकामे झाले, की ‘एवढे छापले तरी काय?’ असा प्रश्न पडतो आणि तो रास्तच असतो. शाई केवळ छपाईत खर्च होत नाही. कागदावर शाई सोडणाऱ्या प्रिंट हेडची केसाहून बारीक छिद्रे मोकळी राहावीत म्हणून प्रिंटर चालू होताना आणि पुढेही अधूनमधून थोडी शाई त्यांतून बाहेर काढतो आणि आतल्या शोषक पॅडमध्ये सोडून देतो. अमेरिकेतील ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ या ग्राहक संस्थेने २०१३ मध्ये अधूनमधून छपाई करून चाचण्या घेतल्या, तेव्हा बऱ्याच प्रिंटरांनी निम्मी किंवा त्याहूनही कमी शाई कागदावर उतरवल्याचे आढळले. म्हणून बचतीची सुरुवात कमी शाईत फिके छापणाऱ्या ड्राफ्ट मोडपासून नव्हे, तर ही डोळ्यांना न दिसणारी गळती कमी करण्यापासून करावी.

आपल्याकडे काम झाले की भिंतीवरच्या बोर्डाचे बटण बंद करण्याची चांगली सवय असते, पण प्रिंटरच्या बाबतीत तीच महागात पडते. प्रिंटरच्या स्वतःच्या बटणाने तो बंद केला, तर तो हेड कोपऱ्यातल्या ठरलेल्या जागी नेतो, तेथे त्यावर रबरी झाकण बसते आणि मगच यंत्र शांत होते. थेट बोर्डावरून वीज तोडल्यास हेड वाटेतच उघडे राहू शकते, शाई छिद्रांत वाळते आणि ती सोडवण्यासाठी पुन्हा सफाई, म्हणजे पुन्हा शाई खर्च होते. तेव्हा आधी प्रिंटरचे बटण दाबावे, दिवा विझून आवाज थांबेपर्यंत थांबावे आणि त्यानंतरच बोर्डाचे बटण बंद करावे. छपाई चालू असताना वीज गेली, तर ती परत आल्यावर प्रिंटर एकदा चालू करून रीतसर बंद करावा. विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या उन्हाळ्यात तो खिडकीजवळ किंवा पंख्याच्या थेट झोतात ठेवू नये.

आठवड्यातून एक लहानसे पान जरूर छापावे, ज्यात काळ्या मजकुराच्या दोन ओळी आणि प्रत्येक रंगाची एक पट्टी असेल. त्याला लागणारी शाई हेड तुंबल्यावर कराव्या लागणाऱ्या सफाईच्या मानाने नगण्य असते. छपाईत पांढऱ्या रेघा दिसू लागल्या, तरी लगेच हेड क्लीनिंगची आज्ञा देऊ नये. आधी ‘नॉझल चेक’चे, म्हणजे छिद्रे तपासण्याचे, पान काढून खरोखरच रेषा तुटल्या आहेत का ते पाहावे. तुटल्या असतील तर एकदा किंवा दोनदा सफाई करावी आणि फरक पडला नाही, तर प्रिंटर रात्रभर तसाच ठेवून दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासावे. एकामागून एक पाच-सहा वेळा सफाई करून अर्धे कार्ट्रिज संपवणारी घरे मी पाहिली आहेत.

यानंतर सेटिंगकडे वळावे. संगणकावर ‘प्रिंटिंग प्रेफरन्सेस’ उघडून ड्राफ्ट दर्जा आणि ग्रेस्केल (केवळ काळ्या-करड्या छटांतली छपाई) हे दोन्ही कायमचे निवडून ठेवावेत आणि महत्त्वाच्या कागदापुरतेच व आठवड्याच्या रंगीत पट्ट्यांच्या पानापुरतेच ते बदलावेत. येथे एक खाच आहे. काही प्रिंटरांत, विशेषतः एचपीच्या, ग्रेस्केलमध्येही दोन पर्याय असतात आणि ‘हाय क्वालिटी ग्रेस्केल’ निवडल्यास करडा रंग तयार करण्यासाठी रंगीत शाईही वापरली जाते. त्यामुळे ‘ब्लॅक इंक ओन्ली’ हाच पर्याय घ्यावा. तीन रंग एकाच डबीत असलेल्या कार्ट्रिजमध्ये एक रंग संपला, की उरलेले दोन रंगही वाया जातात, म्हणून ही काळजी अधिकच मोलाची ठरते. मोबाइलवरून छापताना संगणकातली सेटिंग लागू होत नाहीत, ती दर वेळी तपासावी लागतात.

वेबपेज छापायचे असेल तर आधी ब्राउझरच्या रीडर व्ह्यूमध्ये, म्हणजे फक्त मुख्य मजकूर दाखवणाऱ्या रूपात, उघडावे आणि ‘बॅकग्राउंड ग्राफिक्स’ची खूण काढलेली आहे ना, हे पाहावे. विजेच्या बिलाचे पान असो वा ई-आधार, प्रीव्ह्यू पाहून हवे तेवढेच पान निवडावे. पानभर रंगीत चित्र मुलांच्या शाळेच्या प्रकल्पासाठी हवे असल्यास ते कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानातून किंवा फोटो स्टुडिओतून काढून आणणे बहुधा स्वस्त पडते.

फॉन्टचाही फरक पडतो. विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या ग्रीन बे संकुलाने २०१० मध्ये एरियलऐवजी सेंच्युरी गॉथिक वापरायला घेतला, तो सुमारे ३० टक्के शाई कमी लागते या हिशेबाने. मराठीत प्रत्येक शब्दावर शिरोरेषा असल्यामुळे जाड वळणाचा फॉन्ट बरीच शाई पितो, म्हणून घरगुती प्रतींसाठी ‘मुक्ता’सारख्या फॉन्टचे ‘लाइट’ वजन निवडावे. अक्षर वाचायला त्रास होत असेल, तर मात्र आजी-आजोबांसाठीच्या प्रतीत ही काटकसर करू नये.

आता प्रिंटरच बदलावा का, हा प्रश्न उरतो. एचपी ८०३ या काळ्या कार्ट्रिजची घोषित क्षमता सुमारे १९० पाने आहे. समजा, ते ९५० रुपयांना मिळाले, तर एका पानाची शाई ५ रुपयांना पडते. एप्सनच्या ००३ क्रमांकाच्या ६५ मिलीलिटर काळ्या बाटलीची घोषित क्षमता ४,५०० पाने आहे. ती ४५० रुपयांना धरली, तर एक पान १० पैशांना पडते. पण अशा बाटलीतली शाई टाकीत ओतून चालणारा टँकचा प्रिंटर ७,००० रुपयांनी महाग असेल, तर तो फरक भरून निघायला जवळजवळ १,४३० पाने छापावी लागतात. महिन्याला १०० पाने छापणाऱ्या घरात हे सव्वा वर्षात साधते, २५ पाने छापणाऱ्या घरात त्याला पावणेपाच वर्षे लागतात. शिवाय महिनोन्महिने पडून राहिल्यास टँकच्या प्रिंटरचे हेडही तुंबतेच. क्वचित आणि केवळ काळे छापणाऱ्यांनी मोनो लेझरचा विचार करावा, कारण टोनर ही भुकटी असते आणि ती वाळून बसत नाही.

कार्ट्रिज सिरिंजने भरून घ्यायचे असेल, तर ते पूर्ण कोरडे होण्याआधी भरावे, त्याच प्रकारची शाई वापरावी आणि पिगमेंट (रंगाचे बारीक कण असलेली) व डाय (रंग विरघळलेली) या दोन शाया एकत्र करू नयेत. ‘शाई कमी आहे’ ही सूचना कार्ट्रिजच्या प्रिंटरवर आली, तर घाईने नवे आणू नये. अक्षरे फिकी पडेपर्यंत छापत राहावे. टँकच्या प्रिंटरवर मात्र शाई खालच्या रेषेपर्यंत उतरली, की छपाई थांबवून टाकी भरावी, कारण नळ्यांत हवा शिरली तर ती काढण्यासाठी लागणारी सफाई बरीच शाई गिळते.